गोल जिना: आधी वहीत, मग ब्लेंडरमध्ये, शेवटी उद्यमनगरात

घराचा प्लॅन स्वतःच कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांची गाडी हमखास अडते ती गोल जिन्यापाशी. भिंती होतात, दारं-खिडक्या होतात, किचनचा ओटासुद्धा होतो. मग कॅटलॉगमधला एक तयार गोल जिना उचलून प्लॅनवर टाकतात, पाहिजे तेवढा ताणतात, आणि थ्रीडीत तो छान दिसतो. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरांसाठी ड्रॉइंग काढते. असा ताणलेला जिना समोर आला की मी सगळ्यात आधी त्याच्या पायऱ्या मोजते. कारण सॉफ्टवेअर तयार मॉडेल ताणतं, पायऱ्या वाढवत नाही. १२ चढांचं (चढ म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची) मॉडेल १० फुटांच्या मजल्याला लावलं तर एकेक चढ १० इंचांचा होतो. चित्रात ते कळतही नाही. गुडघ्यांना पहिल्या दिवशी कळतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की गोल जिना आधी वहीत सोडवायचा. मजल्याची उंची, पायऱ्यांची संख्या, एका पायरीचा कोन, आणि डोक्यावर उरणारी जागा. हे चार आकडे एकमेकांशी जुळले की मॉडेल करायला फार वेळ लागत नाही. जुळले नसतील तर कितीही भारी सॉफ्टवेअर घ्या, जिना चुकीचाच निघणार.

खाली मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते. मंगळवार पेठेतलं घर, पेठेत असतो तसा अरुंद प्लॉट, खाली हॉल आणि वर नवीन खोली. सरळ जिन्याला लांबी मिळत नव्हती, हॉलचा एक कोपरा मात्र मोकळा होता.

माप कुठून कुठपर्यंत

खालच्या फरशीच्या वरच्या तोंडापासून वरच्या फरशीच्या वरच्या तोंडापर्यंत. स्लॅबच्या खालपर्यंत नाही, आणि फरशी बसायची असेल तर कोब्यापासूनही नाही. या घरात हे माप आलं ३०४० मिमी, म्हणजे १० फुटांना जेमतेम कमी.

फरशी दोन्हीकडे बाकी असेल तर लोक म्हणतात, खाली ५० मिमी वाढणार, वरही ५० मिमी वाढणार, मग फरक कुठं पडला? एकूण उंचीत पडत नाही, हे खरं. पण जिना कोब्यावर उभा राहिला असेल तर खालची फरशी पहिल्या पायरीतून ५० मिमी खाऊन टाकते आणि वरची फरशी शेवटच्या चढात ५० मिमी घालते. १९० मिमीचा पहिला चढ १४० होतो, शेवटचा २४०. वर पोहोचता पोहोचता माणूस ठेचकाळतो तो इथेच. मॉडेलमध्ये शून्याची पातळी नेहमी तयार फरशीची धरा, आणि फॅब्रिकेटरच्या कागदावर बेस प्लेटखाली किती मिमीची फरशी येणार तेही लिहा.

आपल्याकडे साइटवर माप फूट, इंच आणि सुतात येतं. ८ सूत म्हणजे १ इंच, तेव्हा एक सूत ३ मिमीपेक्षा थोडं जास्त. एका पायरीत एक सूत इकडेतिकडे झालं तर कोणी बघत नाही, पण १५ पायऱ्यांत तेच साठून पावणेदोन इंचांच्या पुढे जातं. टेप लावतानाच मिमी वाचा आणि शेवटपर्यंत मिमीतच राहा.

पायऱ्या किती, कोन किती

३०४० ला १९० ने भागलं की बरोबर १६ येतात. १९० का? राहत्या घराच्या जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये चढाची कमाल मर्यादा तेवढी आहे, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्यापेक्षा कमीच बरी. इथे १६ चढ आहेत, पण पायऱ्या १५. सोळावा चढ चढला की माणूस लँडिंगवर, म्हणजे जिना संपतो तिथल्या सपाट टप्प्यावर असतो. ही एकाची गल्लत इतकी सर्रास होते की मी वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहून त्यांच्याभोवती चौकट काढते. (अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत गोल जिन्याला साडेनऊ इंचांपर्यंतचा चढ चालतो. तिकडचं तयार मॉडेल उतरवून घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.)

आता कोन. गोल जिन्यात सगळी मजा आणि सगळी पंचाईत या एका आकड्यात आहे. कोन मोठा घेतला की पायरी पाऊल ठेवायला ऐसपैस मिळते, पण जिना लवकर एक फेरा पूर्ण करतो आणि वरची पायरी डोक्यावर येते. कोन लहान घेतला तर डोकं सुटतं, पाऊल अडकतं.

पाऊल कुठं पडतं तेही बघायला हवं. माणूस खांबाला चिकटून चढत नाही आणि कठड्याला घासूनही चढत नाही. खांबापासून पायरीच्या लांबीच्या दोन तृतीयांशावर पाऊल पडतं असं मी धरते. मधला खांब ४ इंच एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे पाईपचं नावापुरतं माप) पाईपचा. या पाईपचा बाहेरचा व्यास ४ इंच नसतो, ११४.३ मिमी असतो, म्हणजे त्रिज्या ५७. जिन्याचा व्यास १८०० घेतला तर बाहेरची त्रिज्या ९००, पायरीची लांबी ८४३, आणि पाऊल पडतं ते मध्यापासून साधारण ६१९ मिमीवर. तिथे २४ अंशांच्या पायरीचा ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायची जागा, २५९ मिमी येतो, दहा इंचांहून जरा जास्त. तोच जिना १५०० व्यासाचा केला तर तो २१७ वर घसरतो. १५०० हा कोडमधला गोल जिन्याचा किमान व्यास आहे. जागा असेल तर किमान धरून बसू नका.

२४ अंश आणि १५ पायऱ्या, म्हणजे ३६०. जिना बरोबर एक फेरा घेतो आणि ज्या दिशेला तोंड करून पहिली पायरी चढलो त्याच दिशेला तोंड करून वर निघतो. वरची वाट कुठे हवी हे आधीच ठरलेलं असतं, भिंत आणि दार आपल्याला हलवता येत नाही. त्यामुळे कोन निवडताना एकूण वळण किती होतंय याचा हिशेब करावाच लागतो.

डोकं कुठं लागतं

सगळ्यांचं लक्ष पायरीवरच्या पायरीकडे असतं. ३० अंशांचा कोन घेतला तर एका फेऱ्यात १२ पायऱ्या, १२ गुणिले १९० म्हणजे २२८०, त्यातून पायरीची जाडी ५० वजा, राहिले २२३०. चाललं, असं म्हणून माणूस पुढे जातो. पण डोकं लागतं ते लँडिंगला.

करून बघा. ३० अंशांच्या १५ पायऱ्या म्हणजे ४५० अंश, एक फेरा आणि वर ९०. लँडिंग तिथून सुरू होऊन आणखी ९० अंश पसरतं. त्याच्या बरोबर खाली चौथी, पाचवी आणि सहावी पायरी येते. सहावी पायरी ११४० मिमीवर. लँडिंगचं वरचं तोंड ३०४०, जाडी ६०, म्हणजे खालचं तोंड २९८०. मधे उरले १८४०. सहा फूट अर्धा इंच. जरा उंच माणूस, पायात चप्पल, हातात कळशी, की कपाळाला लोखंड बसलंच.

२४ अंशांच्या जिन्यात लँडिंगखाली पहिली ते चौथी पायरी येते. चौथी ७६० वर, म्हणजे २२२० मिमी मोकळे. म्हणून या घरात आम्ही २४ घेतला. जागाच पाच फुटांची असेल आणि ३० अंशांशिवाय पर्याय नसेल, तर लँडिंग ९० ऐवजी ६० अंशांचं करा. मग खाली पाचवी पायरी शेवटची येते आणि २०३० मिमी मिळतात. हा हिशेब बोटावर होतो, आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी झाला पाहिजे.

दिशेचं थोडक्यात सांगते. चढताना उजवा हात बाहेरच्या कठड्यावर हवा असेल तर वरून बघताना जिना घड्याळाच्या उलट दिशेने चढला पाहिजे. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अधिक कोनाची दिशा आहे, त्यामुळे वजाची चिन्हं सांभाळत बसावं लागत नाही.

ब्लेंडरमध्ये एक पायरी

ब्लेंडर फुकट आहे आणि गोल जिन्यासाठी त्यात एक असं साधन आहे की दुसरीकडे इतकं सोपं मला सापडलेलं नाही. आधी सीनच्या युनिटमध्ये मेट्रिक आणि मिलिमीटर करून घ्या. कर्सर मध्यावर असू द्या, एक्स, वाय, झेड तिन्ही शून्य.

ॲड मेनूतून मेश, त्यातून सर्कल. खाली डावीकडे जी छोटी पट्टी उघडते त्यात व्हर्टायसेस १८०, रेडियस ९०० मिमी, आणि फिल टाइपमध्ये ट्रँगल फॅन. आता वर्तुळाचे १८० तुकडे झाले, प्रत्येक २ अंशांचा. एडिट मोडमध्ये जाऊन एकमेकांना लागून असलेले १३ तुकडे निवडा, निवड उलटी करा आणि बाकीचे पुसा. उरली २६ अंशांची पायरी. २४ आपल्या कोनाचे, आणि मागचे २ अंश वरच्या पायरीच्या खाली सरकवायला. पाऊल पडतं तिथे हे २ अंश म्हणजे २० मिमीच्या आसपास. दोन पायऱ्यांमध्ये वरून बघताना फट राहिली की चढणाऱ्याची नजर खाली जाते आणि भीती वाटते, म्हणून हा ओव्हरलॅप सोडू नका. तुकडे निवडताना पायरीची पुढची धार एक्स अक्षावर ठेवा आणि बाकीचे तुकडे घड्याळाच्या उलट दिशेला घ्या, म्हणजे जास्तीचे २ अंश आपोआप मागे जातात.

एडिट मोडमध्येच ई दाबून पायरीला खालच्या बाजूला ५० मिमी जाडी द्या. आणि एडिट मोडमध्येच सगळं निवडून पायरी वर उचला, वरचं तोंड १९० मिमीवर येईपर्यंत. हे एडिट मोडमध्येच करायचं. ऑब्जेक्ट मोडमध्ये उचललं तर ऑब्जेक्टचा मूळबिंदूही वर जातो आणि पुढची पायरी बिघडते. का, ते लगेच कळेल.

आता ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन एक एम्प्टी टाका, म्हणजे नुसती जागा आणि दिशा दाखवणारी रिकामी खूण. लोकेशन एक्स शून्य, वाय शून्य, झेड १९० मिमी. रोटेशन झेड २४ अंश. मग पायरी निवडून तिला ॲरे मॉडिफायर लावा. काउंट १५. रिलेटिव्ह ऑफसेटची खूण काढा, ऑब्जेक्ट ऑफसेटची खूण करा आणि तिथे एम्प्टी दाखवा. जिना एका झटक्यात उभा राहतो. मला आजही हा क्षण आवडतो.

ॲरे काय करतो तर पायरीच्या मूळबिंदूपासून एम्प्टी किती सरकलाय आणि किती वळलाय ते बघतो, आणि प्रत्येक पुढच्या पायरीला तेवढंच सरकवतो, तेवढंच वळवतो. पायरीचा मूळबिंदूच १९० वर गेला असता तर दोघांमधलं अंतर शून्य झालं असतं आणि सगळ्या पायऱ्या एकाच पातळीवर पंख्यासारख्या पसरल्या असत्या. पायऱ्या वर जाताना लहान किंवा मोठ्या होत असतील तर पायरीला किंवा एम्प्टीला ऑब्जेक्ट मोडमध्ये स्केल लागलाय असं समजा. पायरी निवडून कंट्रोल आणि ए, त्यातून स्केल, की ती ताळ्यावर येते. एम्प्टीचा स्केल हाताने १ करा.

मधला खांब म्हणजे साधा सिलिंडर, त्रिज्या ५७.१५ मिमी, उंची ४००० मिमी, तळ शून्यावर.

स्केचअपमध्ये काम करणाऱ्यांसाठी: तिथे वर सरकवणं आणि फिरवणं एका कमांडमध्ये होत नाही, पण दुप्पट करत गेलात तर कंटाळवाणं होत नाही. एका पायरीचा कंपोनंट करा. त्याची कॉपी १९० वर आणि २४ अंश फिरवून. मग दोन्हीची कॉपी ३८० वर, ४८ अंश. मग चारांची ७६० वर, ९६ अंश. आठ झाल्या. आता खालच्या सात निवडून १५२० वर आणि १९२ अंश. पंधरा. फिरवताना केंद्र दरवेळी खांबाच्या मध्यावरच धरा.

कठडा

बहुतेक लोक इथे थकून एखादी वाकडीतिकडी नळी काढतात आणि सोडून देतात. पण कठड्याचं गणित पायरीतच बसलेलं आहे. एका पायरीपुरता कठडा काढा, बाकीचा ॲरे काढतो.

कठडा ८८० मिमी त्रिज्येवर आणि पायरीच्या पुढच्या धारेपासून ९०० मिमी उंच धरू. एका साध्या रेघेचं एक टोक: एक्स ८८०, वाय शून्य, झेड १०९०. दुसरं टोक: एक्स ८०३.९, वाय ३५७.९, झेड १२८०. हा २४ अंश पुढचा आणि १९० वरचा बिंदू. मेशमधून एक प्लेन टाका, दोन बिंदू ठेवून दोन पुसा, आणि एन दाबल्यावर उजवीकडे जे खाने उघडतात त्यात हे आकडे भरा. ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन रेघेचं कर्व्हमध्ये रूपांतर करा, बेव्हल डेप्थ २० मिमी द्या, म्हणजे ४० मिमीचा पाईप झाला. तोच ॲरे, तोच एम्प्टी, काउंट १५. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं टोक पुढच्याच्या पहिल्या टोकाला भिडतं.

उभ्या गजांचं मात्र मनावर घ्या. पायरीला एकच गज दिला तर बाहेरच्या बाजूला दोन गजांत ३६९ मिमीचं अंतर पडतं, त्यातून लहान मूल सहज जातं. चार इंचांपेक्षा मोठी फट कुठेही नको. २५ मिमीचा पाईप पायरीला तीन घेतला तर मोकळी फट ९८ मिमी येते आणि काम होतं. तिन्ही गज एकाच पायरीवर उभे, पण वरचा कठडा चढता, म्हणून त्यांची उंची वेगळी: ९००, ९६३ आणि १०२७ मिमी. हेच तीन आकडे पंधरा वेळा. वर्कशॉपमध्ये कटिंगची यादी यातूनच तयार होते. मॉडेलमधला कठडा सरळ तुकड्यांचा असल्यामुळे मधल्या दोन गजांना ८८० ऐवजी ८६३ त्रिज्या द्या, नाहीतर ते पाईपच्या बाहेर डोकावतात. वर्कशॉपमध्ये पाईप रोलिंग करून गोल येतो, तिथे सगळे ८८० वरच.

एक आकडा आणखी काढून ठेवा. या कठड्याची चढती लांबी ६२२० मिमी भरते. पाईप बाजारात ६ मीटरच्या लांबीत येतो. म्हणजे एका पाईपात कठडा बसत नाही, जोड येणार, आणि तो जोड पायरीच्या कुठल्या गजावर घ्यायचा हे आधीच ठरवलं तर वेल्डवर हात फिरवताना खडबडीत लागत नाही. मी तो वरच्या बाजूला घेते, लँडिंगजवळच्या गजावर.

घरात बसवणं

ब्लेंडरमधून ओबीजे फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा, मॉडिफायर लागू करण्याची खूण चालू ठेवून. मग स्वीट होम थ्रीडी. तेही फुकट, आणि ज्याला फक्त स्वतःचं घर काढायचंय त्याला पुरेसं.

प्रेफरन्सेसमध्ये युनिट मिलिमीटर करा. वरचा मजला ॲड लेव्हलने घ्या आणि त्याच्या खिडकीत एलेव्हेशन ३०४०, फ्लोअर थिकनेस स्लॅब आणि फरशी धरून १५० टाका. आपोआप आलेले आकडे तसेच ठेवले तर जिना वरच्या फरशीच्या वर किंवा खाली राहतो आणि माणूस जिन्याला दोष देतो. खालच्या भिंतींची उंची २८९० करायला विसरू नका.

इम्पोर्ट फर्निचरमधून ओबीजे आणा. आकार भलताच दिसेल, घाबरू नका. रुंदी १८००, खोली १८००, उंची ४००० भरा. तिघांचं प्रमाण आपोआप जुळलं नाही तर मॉडेलमध्ये काहीतरी जास्तीचं राहिलंय, परत जाऊन बघा. तिथेच स्टेअरकेस नावाची एक खूण आहे. ती केली की वरच्या मजल्याच्या जमिनीला जिन्यापुरतं भोक आपोआप पडतं. सोयीचं आहे, पण आपण आणलेल्या मॉडेलला ते भोक चौकोनी आणि मॉडेलच्या मापाचंच पडतं. कठडा धरलेला हात आणि स्लॅबची कड यांत अंतरच राहत नाही. बोटं सोलवटतात. प्रत्यक्षात चारही बाजूंनी निदान ५० मिमी मोकळे हवेत.

म्हणून मी ती खूण करत नाही. वरच्या मजल्यावर खोली काढतानाच रूमच्या साधनाने कोपऱ्यात १९०० गुणिले १९०० ची खाच सोडून एल आकाराची खोली काढते, आणि खालच्या हॉलच्या रूममध्ये सीलिंगची खूण बंद करते. लँडिंग वेगळं: कॅटलॉगमधला बॉक्स, ९५० गुणिले ९५०, उंची ६०, एलेव्हेशन २९८०. हा चौकोन खांबाच्या मध्यापासून सुरू होतो आणि खोलीच्या बाजूला असतो, भिंतींच्या कोपऱ्यात नव्हे. तसं बसत नसेल तर जिना प्लॅनवर फिरवून बघा. तरीही नाही बसलं तर दिशा उलटी घ्यायची वेळ आलीय: मिररची खूण करा, आणि उजवा हात आता खांबाच्या बाजूला येणार हे घरच्यांना सांगा.

आता डोक्याची परीक्षा. आणखी एक बॉक्स घ्या, ४०० गुणिले ४०० आणि उंची १८५०. त्याचं एलेव्हेशन ७६० करून तो चौथ्या पायरीवर उभा करा. मग तिसरी, ५७०. मग हॉलमधून जिन्याकडे येताना जिथे वरच्या पायऱ्या डोक्यावर येतात तिथे, एलेव्हेशन शून्य. थ्रीडीत बाजूने बघा, बॉक्सचं डोकं कशात शिरतंय का. व्हर्च्युअल व्हिजिटमध्ये फिरून बघायला छान वाटतं, पण तो कॅमेरा लोखंडातून आरपार जातो, त्याच्यावर विसंबू नका. हाच बॉक्स आडवा करून गादीच्या मापाचा करा आणि जिन्यावरून नेऊन बघा. लोखंडी कपाट तर या जिन्याने वर जाणार नाहीच. ते बाल्कनीतून दोराने चढवावं लागेल, आणि वरच्या खोलीला त्यासाठी मोठी खिडकी ठेवायची का, हे प्लॅन काढतानाच ठरवायचं.

स्लॅब जुना असेल तर भोक मॉडेलमध्ये सोडलं म्हणून प्रत्यक्षात फोडायला जाऊ नका. स्लॅबमधली सळई कुठल्या दिशेला आहे, बीम कुठून गेलाय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय ब्रेकर लावायचा नाही. आणि जिना घराबाहेर, मार्जिनमध्ये येणार असेल तर महापालिकेच्या मंजूर नकाशाचं आधी बघा.

उद्यमनगरात काय न्यायचं

रंगीत रेंडर नको. घरी दाखवायला तो ठीक. उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून लोखंडाशी खेळणारी माणसं आहेत, त्यांना चित्रापेक्षा माप लागतं. मी एका ए-फोर कागदावर वरून दिसणारा नकाशा आणि बाजूने दिसणारी उंची काढते, आणि उंच्या जमिनीपासून साठवत लिहिते: १९०, ३८०, ५७०, ७६०, असं २८५० पर्यंत. प्रत्येक पायरीला नुसतं ‘१९०’ लिहिलं तर वेल्डर खालच्या पायरीवरून वरची मोजतो आणि खालची २ मिमी चुकली असेल तर ती चूक वर वर वाढत जाते. शून्यापासून एकच टेप लावून सगळ्या खुणा मारल्या तर चूक जिथल्या तिथे राहते.

कोनाचं मात्र अंशांत लिहून भागत नाही. ज्या मिस्त्रींकडे माझी बरीच कामं जातात ते म्हणतात, “ताई, ते डिग्री-बिग्री ऱ्हाऊ द्या. पायपावर किती एमएमवर खूण मारू तेवढं सांगा.” त्यांचं बरोबर आहे, पाईपला कोनमापक लागत नाही. आणि ४ इंच एनबी पाईपमध्ये एक झकास योग आहे. व्यास ११४.३, म्हणजे घेर ३५९ मिमी. वर्तुळाचे अंश ३६०. पाईपच्या अंगावर १ मिमी म्हणजे जवळजवळ १ अंश! २४ अंशांची पायरी म्हणजे २४ मिमी, आणि पूर्ण फेऱ्यात फरक पडतो जेमतेम १ मिमीचा. तोही नको असेल तर कागदाची पट्टी पाईपभोवती गुंडाळून कापायची, सपाट करून तिचे पंधरा सारखे भाग करायचे आणि परत गुंडाळून खुणा उतरवायच्या. दुसरा कुठलाही पाईप घेतला तर घेर बदलतो, तेव्हा कागदावर पाईपचं नाव ‘४ इंच’ एवढंच न लिहिता बाहेरचा व्यास लिहा. पायरीच्या आतल्या टोकाला खांबावर बसणारी जी कडी असते, तिचं माप त्याच्यावरच ठरतं.

पायरीचा साचा ब्लेंडरमधून खऱ्या मापात छापून प्लायवर चिकटवून देता आला तर उत्तम. एकच साचा, त्यावरून पंधरा चेकर्ड प्लेट कापल्या जातात. जिना उघड्यावर, गच्चीवर जाणारा असेल तर साच्यावर पाण्यासाठी भोकांच्या जागाही मारून द्या. जुलैतल्या आपल्या पावसात चेकर्ड प्लेटच्या नक्षीत पाणी साचून राहतं, पाय घसरतो आणि रंगाखालून गंज धरतो. पायरीला बाहेरच्या बाजूला २-३ मिमीचा उतार असला तर पाणी निघून जातं. खांबाच्या वरच्या तोंडाला झाकण मॉडेलमध्येच काढा, म्हणजे ते कटिंगच्या यादीत येतं. उघड्या तोंडातून पाणी आत गेलं की पाईप आतून कुजतो आणि बाहेरचा रेड ऑक्साइड कितीही चांगला असला तरी उपयोग नसतो.

कागदाच्या कोपऱ्यात शेवटी चार ओळी लिहा: चढ १६, पायऱ्या १५, कोन २४, चढण घड्याळाच्या उलट. आणि लँडिंग कुठल्या भिंतीकडे नाही, तर कुठल्या दाराकडे आहे, त्या दाराचं नाव. ‘किचनचं दार’ असं साधं लिहिलं तरी साइटवर खांब उभा करताना कोणी फोन करून विचारत नाही.